'हॅपी हार्मोन' या मजकुराचं परीक्षण

सकाळी सहा वाजता आमच्या घरच्या ग्रुपवर तो मजकूर पुन्हा आला. तुमच्याही ग्रुपवर आला असेलच. मागे सूर्योदयाचं चित्र, आनंदी राहण्यामागचं विज्ञान सांगणारं शीर्षक आणि खाली चार नावं: डोपामिन, सेरोटोनिन, ऑक्सिटोसिन, एंडॉर्फिन. प्रत्येकासमोर एक इमोजी आणि तीन-चार सूचना. एंडॉर्फिनच्या वाट्याला आलेल्या सूचना अशा: हसा, पळा, तिखट खा. वेदना विसराल, आनंदी व्हाल.

त्याखाली मामीनं आधी हात जोडले. मग तिचा व्हॉइस मेसेज आला. "तिखटानं आनंद होतो म्हणतात गं. मग मी तर लई आनंदात असायला पाहिजे होते."

मामी खांडबाऱ्याची. लग्नानंतर बरीच वर्षं ती हंगामात नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर कामाला जायची. लाल मिरची वाळत घालायची, उलटवायची, देठ खुडायचे. संध्याकाळी हात गार पाण्यात बुडवून बसायची, आणि तरी रात्री लेकराच्या तोंडावरून हात फिरवायची तिला भीती वाटायची. त्या काळात आई तिला विचारायची, अंग दुखत नाही का गं? मामीचं उत्तर अहिराणीत आणि ठरलेलं. "आंग त दुखस, पन काम कोन करी?"

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. दुसऱ्यानं लिहिलेला कोड वाचून त्यात काय चुकलंय ते सांगणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. त्यामुळे एखादा मजकूर हजारो लोक न वाचताच पुढे ढकलतात, तेव्हा हात शिवशिवतात. आपण कादंबऱ्यांची परीक्षणं लिहितो, सिनेमांची लिहितो. पण आपल्या शरीराबद्दल मराठीत सगळ्यात जास्त वाचला जाणारा मजकूर बहुतेक हाच असावा, आणि त्याचं परीक्षण कोणी करत नाही. म्हणून हे.

मजकुराची रचना

आधी त्याचं श्रेय त्याला देऊ. हा मजकूर छोटा आहे, लक्षात राहतो, आणि मन आणि शरीर वेगवेगळं नाही हे तो ज्या वाचकापर्यंत पोचवतो तिथे एरवी काही पोचत नाही. चालायला जा, माणसांना भेटा, हे सल्लेही वाईट नाहीत.

गडबड रचनेत आहे. चार रसायनं म्हणजे चार नळ, असं त्याचं रूपक आहे. हा नळ फिरवला की प्रेम, तो फिरवला की आनंद. नळ तुमच्या हातात. आता पुढचा अर्थ लिहिलेला नसतो, पण वाचणारा तो काढतोच: तुम्ही दुःखी असाल, दुखत असेल, तर तुम्ही नळ फिरवलेला नाही. चूक तुमची.

चारपैकी एंडॉर्फिनचा नळ सगळ्यात चुकीचा जोडला आहे. ते कसं, हे सांगायला थोडा इतिहास लागेल.

नावातली अफू

'एंडॉर्फिन' हे नाव 'एंडोजेनस', म्हणजे आतलं, आणि 'मॉर्फिन' या दोन शब्दांच्या जोडाने बनलं. आतलं मॉर्फिन. मॉर्फिन अफूतून मिळतं, हे माणसाला एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून माहीत होतं. पण झाडाच्या चिकाला बसेल असं कुलूप आपल्या मेंदूत का असावं, हा प्रश्न बराच काळ कोणी नीट विचारला नाही. 1973 साली अमेरिका आणि स्वीडनमधल्या तीन प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे दाखवलं की कुलूप खरंच आहे: मेंदूच्या पेशींवर अफूजन्य रेणू पकडणारे ग्राहक आहेत. मग किल्ली शरीरातच असणार. 1975 साली स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन इथे जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी डुकरांच्या मेंदूतून पहिली किल्ली वेगळी केली, एन्केफलिन. लांबी फक्त पाच अमिनो आम्लं.

पुढची गोष्ट मला फार आवडते. कॅलिफोर्नियात सी. एच. ली नावाचे शास्त्रज्ञ पियुषिका ग्रंथीतल्या चरबीशी संबंधित एका हार्मोनवर काम करत होते. त्यासाठी त्यांनी उंटाच्या पियुषिका ग्रंथी मिळवल्या होत्या. त्या उंटांच्या ग्रंथींत त्यांना 1976 साली 31 अमिनो आम्लांचा एक तुकडा सापडला, आणि तो अफूसारखं काम करत होता. तो बीटा-एंडॉर्फिन. म्हणजे 'हॅपी हार्मोन'चा शोध हार्मोनच्या शोधात, हार्मोनच्या ग्रंथीत लागला. तो आनंदाच्या शोधात लागलेला नव्हता.

आणखी काही वर्षांत कुटुंब पुरं झालं. तिसरा गट डायनॉर्फिनचा, आणि त्याच्याकडून आनंद मिळतो असं कोणीच म्हणणार नाही. डायनॉर्फिनचा ग्राहक जोरात चालू केला तर माणसाला अस्वस्थ, उदास वाटतं. फॉरवर्डमध्ये तो नसतो. शरीरात मात्र तो फार महत्त्वाच्या जागी बसलेला आहे. त्याच्याकडे येतेच.

एक फाइल, तीन तुकडे

1979 साली जपानमधल्या क्योटो इथे नाकानिशी आणि नुमा यांच्या गटाने एका लांब प्रथिनाचा आराखडा वाचला. त्याचं छोटं नाव पीओएमसी. हे प्रथिन स्वतः फारसं काही करत नाही. एन्झाइम त्याला ठरावीक जागी कापतात, आणि तुकडे कामाला लागतात. एक तुकडा एसीटीएच, जो मूत्रपिंडावरच्या ग्रंथींना कॉर्टिसॉल सोडायला सांगतो. कॉर्टिसॉल म्हणजे ताणाचं हार्मोन. दुसरा तुकडा त्वचेच्या रंगाशी आणि भुकेशी संबंधित. तिसरा बीटा-एंडॉर्फिन.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खुर्चीत सरळ बसले. ताणाची घंटा आणि वेदनेची भूल एकाच फाइलमधून कापून निघतात. त्याआधी दोनच वर्षं, 1977 साली, रॉजर गियमँ आणि सहकाऱ्यांनी उंदरांमध्ये दाखवलं होतं की ताण आला की पियुषिका हे दोन्ही बरोबरच सोडते. म्हणजे रक्तात बीटा-एंडॉर्फिन वाढलेलं दिसलं तर त्याचा पहिला अर्थ 'हे शरीर आनंदात आहे' असा लागत नाही. 'या शरीरावर काहीतरी आलं आहे' असा लागतो.

आणि या यंत्रणेचं काम घंटा वाजवून संपत नाही, ती घंटा आवरतेही. मेंदूतले अफूसदृश रेणू कॉर्टिसॉलच्या साखळीला वरून दाबून धरतात. नॅलोक्सोन नावाचं औषध या ग्राहकांना अडवतं. ते निरोगी माणसाला दिलं तर त्याचं कॉर्टिसॉल वाढतं. काही घडलेलं नसतानाही वाढतं, कारण शांतपणे दाबून ठेवलेला ब्रेक निघाला. एंडॉर्फिनकडे आनंद वाटणारा म्हणून पाहण्यापेक्षा ब्रेक म्हणून पाहिलं की पुढचं सगळं सोपं होतं.

तासाच्या घड्याळावरचा हात

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस आहे. तिथून जीएनआरएच नावाचं दहा अमिनो आम्लांचं हार्मोन थेंबाथेंबाने सुटतं. साधारण तास-दीड तासाला एक ठोका. त्या ठोक्यावर पियुषिका एलएच आणि एफएसएच सोडते, त्यावर बीजांडकोश किंवा वृषण चालतात, त्यावर पाळी, वीर्य, दाढी, छाती, इच्छा, सगळं. 1978 साली अर्न्स्ट नोबिल यांच्या प्रयोगशाळेनं माकडांवर दाखवलं की हार्मोन तेच असलं तरी ठोके हवेत. सतत धार लावली तर यंत्रणा बंद पडते, तासाला एक ठोका दिला तर चालू होते. माझ्या क्षेत्रातल्या लोकांना हे लगेच कळेल: संदेशात काय आहे याइतकंच तो कधी येतो हे महत्त्वाचं.

हे घड्याळ चालवतात काही हजार चेतापेशी. त्या तीन रेणू वापरतात. पहिला किसपेप्टिन, जो ढकलतो. त्याचं जनुक अमेरिकेतल्या हर्शी गावी सापडलं आणि तिथल्या 'किसेस' चॉकलेटवरून नाव पडलं. दुसरा न्यूरोकिनिन-बी, जो ठोका सुरू करतो. तिसरा आपला डायनॉर्फिन, जो ठोका थांबवतो. थांबवणारा नसेल तर ठोका ठोका राहत नाही, नुसती धार होते. म्हणजे अफूच्या कुळातला एक रेणू प्रत्येक तासाला तुमच्या प्रजननाच्या घड्याळावर हात ठेवतो आणि उचलतो. वाचकहो, यात दुःखाचं काही नाही. हा नेहमीचा, निरोगी ब्रेक आहे. पाळीच्या चक्राच्या उत्तरार्धात प्रोजेस्टेरॉन वाढतं तेव्हा ठोके संथ होतात, तेही बऱ्याच अंशी याच यंत्रणेतून. त्या दिवसांत नॅलोक्सोन दिलं तर एलएचचे ठोके पुन्हा भरभर पडायला लागतात.

प्रश्न येतो हात उचलला जात नाही तेव्हा. अन्न कमी, कष्ट जास्त, ताण सतत, अशा वेळी मेंदू ठरवतो की ही वेळ मूल धरायची नाही. ठोके लांबतात, पाळी चुकते, थांबते. याचं मुख्य कारण ऊर्जेची तूट आहे, हे आता बऱ्यापैकी स्पष्ट आहे. 2003 साली ॲन लाउक्स यांनी दाखवलं की चरबी वगळता शरीराच्या दर किलोमागे दिवसाला 30 किलोकॅलरीपेक्षा कमी ऊर्जा उरली तर काही दिवसांतच एलएचचे ठोके बिघडू लागतात. त्या बिघाडात आतल्या अफूचा हात किती, यावर मतभेद आहेत. पाळी थांबलेल्या काही स्त्रियांना अफूचे ग्राहक अडवणारं नाल्ट्रेक्झोन दिल्यावर पाळी परत आली, काहींना नाही. म्हणजे हा एक हात आहे, एकुलता एक नाही.

हे मी मामीला फोनवर सांगत होते. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आम्ही ऊसतोडीला गेलो होतो गुजरातला, त्या साली माझी पाळी चार महिने आली नव्हती. सगळे म्हणाले दिवस गेलेत. मी पण तसंच समजून राहिले. कोयता काही सोडला नाही."

खांडबाऱ्याहून सुरतेकडे जाणारी गाडी मी लहानपणापासून पाहिलेली आहे. दिवाळीनंतर आमच्या भागातली कुटुंबं ऊस तोडायला गुजरातेत जातात, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. पहाटे अंधारात उठायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या, आणि खायला भाकरी-चटणी. मामीच्या पाळीचं त्या साली नेमकं काय झालं ते मी इथे बसून सांगू शकत नाही. सांगणार नाही. पण त्या चार महिन्यांत तिच्या शरीरात एंडॉर्फिन सुटत नसेल, म्हणून ती आनंदी नव्हती, असं फॉरवर्डच्या हिशेबानं म्हणावं लागेल. आणि ते साफ खोटं ठरण्याची शक्यता जास्त आहे. तिचं शरीर तेव्हा बहुधा भरपूर सोसत होतं, आणि सोसण्याचं रसायन वापरतही होतं.

शब्द एक, वाक्यं वेगळी

साहित्याचं परीक्षण करणारे एक गोष्ट नेहमी सांगतात: शब्दाचा अर्थ वाक्यात ठरतो. फॉरवर्डचा सगळ्यात मोठा दोष हाच आहे की तो रेणूंना वाक्याबाहेर काढतो.

मेंदूच्या मध्यभागी एक जागा आहे, तिथे अफूजन्य रेणू आले की डोपामिन वाढतं. गर्दची झिंग त्यातून येते. पण हायपोथॅलॅमसच्या एका भागात तेच रेणू डोपामिन कमी करतात. तिथलं डोपामिन प्रोलॅक्टिनला, म्हणजे दूध तयार करणाऱ्या हार्मोनला, अडवून धरत असतं. डोपामिन कमी झालं की प्रोलॅक्टिन वाढतं. म्हणून मॉर्फिन घेणाऱ्यांमध्ये प्रोलॅक्टिन वाढलेलं आढळतं. रेणू तोच. एका गल्लीत डोपामिन वर, दुसऱ्या गल्लीत खाली. 'एंडॉर्फिन वाढवा, डोपामिनही वाढेल' अशी बेरीज इथे चालत नाही.

ऑक्सिटोसिनचं तर विचारूच नका. फॉरवर्डमध्ये ते एंडॉर्फिनच्या शेजारी, मिठीच्या इमोजीसह असतं, जसे दोघे मित्र. उंदरांवरच्या अभ्यासात दिसतं की गरोदरपणात आतले अफूसदृश रेणू ऑक्सिटोसिनला रोखून धरतात. साठा तयार होऊ देतात, खर्च होऊ देत नाहीत. प्रसूतीच्या वेळी तो लागणार असतो. त्याच अभ्यासांत आणखी एक गोष्ट दिसली. उंदरीण प्रसूत होत असताना मध्येच तिला उचलून अनोळखी पिंजऱ्यात ठेवलं, तर पिल्लं बाहेर येणं लांबतं. नॅलोक्सोन दिलं की प्रसूती पुन्हा पुढे सरकते. म्हणजे घाबरलेल्या शरीराने ब्रेक दाबला होता. माणसाच्या बाईला हे जसंच्या तसं लावता येत नाही. तरी अनोळखी वॉर्डात, कोणी ओरडत असताना कळा थांबल्याच्या गोष्टी मी इतक्या जणींकडून ऐकल्यात की त्या उंदरिणीबद्दल वाचताना मला परकं वाटलं नाही.

'गर्द'नं दाखवलेली बाजू

आतली यंत्रणा काय करते हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते बाहेरून अफू ओतल्यावर. मराठीत या विषयावर आपल्याकडे अनिल अवचटांचं 'गर्द' आहे. ब्राउन शुगरच्या विळख्यातल्या माणसांवरचं त्यांचं हे लेखन वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी मदत देऊ केली, आणि 1986 साली पुण्यात अनिल आणि डॉ. सुनंदा अवचटांनी 'मुक्तांगण' सुरू केलं. एखाद्या लेखनाने इतकी ठोस गोष्ट उभी करावी असं मराठीत क्वचित घडलं आहे. अवचट स्वतः डॉक्टर होते. व्यसनी माणसाकडे गुन्हेगार म्हणून न पाहता आजारी माणूस म्हणून पाहायला त्यांनी आपल्याला शिकवलं, हे ऋण मान्यच.

पण त्यानंतरच्या चार दशकांत व्यसनावर आपल्याकडे जे बोललं-लिहिलं जातं, भाषणं, नाटुकली, अनुभवकथन, त्यात घर येतं, चोरी येते, आईचे दागिने येतात, इच्छाशक्ती येते. शरीर येतं ते थरथरण्यापुरतं. दीर्घकाळ अफूजन्य पदार्थ घेणाऱ्या पुरुषांपैकी बऱ्याच जणांचं टेस्टोस्टेरॉन खाली जातं, इच्छा मरते, हाडं ठिसूळ होतात. बायकांची पाळी अनियमित होते किंवा थांबते, आणि पाळी नाही म्हणून गर्भ राहणार नाही असं समजून फसगत होते. हे सगळं त्या तासाच्या घड्याळावर बाहेरचा हात कायमचा ठेवल्यामुळे. 'तो आता माणूस राहिला नाही' हे वाक्य आपण नीतीच्या अर्थाने म्हणतो. त्याला एक साधा, मोजता येणारा, बऱ्याचदा दुरुस्त होणारा हार्मोनचा अर्थही आहे. तो सांगितला असता तर लाज थोडी कमी झाली असती, असं मला वाटतं.

आणि हे फक्त गर्दपुरतं नाही. पाठीच्या किंवा कर्करोगाच्या दुखण्यावर महिनोन्‌महिने ट्रामाडॉल, मॉर्फिनसारखी औषधं घेणाऱ्यांनाही हे लागू होऊ शकतं. औषध मनाने बंद करू नये. पण पाळी बदलली, इच्छा गेली, कायम थकवा आला, तर ते डॉक्टरांना सांगावं. याची तपासणी आहे, उपायही आहेत.

पळा आणि तिखट खा

आता फॉरवर्डमधल्या दोन सूचना तपासू. पळण्याची झिंग एंडॉर्फिनमुळे, हे इतक्यांदा सांगितलं गेलंय की ते सिद्ध झालेलं वाटतं. 2008 साली जर्मनीत दहा धावपटूंना दोन तास पळवून त्यांच्या मेंदूचं स्कॅन केलं, आणि आतले अफूसदृश रेणू सुटल्याच्या खुणा दिसल्या. मुद्दा पक्का झाला असं वाटत असतानाच 2021 साली दुसऱ्या एका जर्मन गटानं 63 जणांना पळवलं, त्यातल्या काहींना अफूचे ग्राहक बंद करणारं औषध देऊन. झिंग तरीही आली. ती बहुधा शरीरातल्या भांगसदृश रेणूंमुळे येते, असा त्यांचा निष्कर्ष. शिवाय रक्तातलं बीटा-एंडॉर्फिन मेंदूत सहजी शिरत नाही, त्यामुळे रक्त तपासून मनाबद्दल बोलणं अवघड. पळणं चांगलंच आहे. कारण सांगायची घाई वाईट.

आणि तिखट. मिरचीतलं कॅप्सेसिन ज्या ग्राहकावर बसतं तो खरं तर उष्णतेने भाजल्याची खबर देणारा. तो 1997 साली डेव्हिड ज्युलियस यांनी ओळखला, 2021 साली त्यांना नोबेल मिळालं. म्हणजे मिरची शरीराला सांगते, तू भाजतोयस. काही लोकांना ती खोटी आग जिभेवर आवडते, कारण ताट समोर असतं आणि पाणी हाताशी. मामीच्या हातावर तीच आग दिवसभर होती आणि तिची मजुरी तिच्यावर अवलंबून होती. एकच ग्राहक, एकच रेणू. एकीकडे त्याला चव म्हणतात, दुसरीकडे काम. आनंद रेणूत असता तर नंदुरबारच्या पथाऱ्या हे महाराष्ट्रातलं सगळ्यात सुखी ठिकाण झालं असतं.

दगडाला हायपोथॅलॅमस नसतो

इथपर्यंत हे विनोदाने घेता येईल. पुढचं नाही.

शाळेत आमच्या वर्गात एक मुलगा होता, सिकलसेलचा. आमच्या जिल्ह्यातल्या आदिवासी समाजांत हा आजार भरपूर आहे. हिमोग्लोबिनच्या जनुकात एका अक्षराची चूक, त्यामुळे प्रथिनात एक अमिनो आम्ल बदलतं, त्यामुळे प्राणवायू कमी पडला की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग जी कळ येते ती हाडांच्या आतून येते. नववीतही तो पाचवीतला वाटायचा. आवाज फुटला नव्हता, मिसरूड नव्हतं, पोरं चिडवायची. या आजारात वयात येणं लांबतं, हे मला खूप नंतर वाचून कळलं. त्यामागे अनेक कारणं आहेत, आणि सतत नवं रक्त बनवण्यात शरीराची ऊर्जा संपणं हे त्यातलं एक. त्याचं घड्याळ मागे पडलं होतं, कारण शरीर दुसरीकडे गुंतलं होतं.

एकदा त्याला खूप कळा येत होत्या तेव्हा एका दवाखान्यात त्याला सांगितलं गेलं, नाटक करू नको, मन घट्ट कर. तो घट्टच होता. तो ओरडत नव्हता म्हणून त्यांना वाटलं की दुखत नसेल. सतत दुखणारी माणसं दुखणं चेहऱ्यावर आणायचं सोडून देतात. सोसण्याची हीच अडचण आहे: ते यशस्वी झालं की दिसेनासं होतं.

ज्या वेदनेवर जगभर मॉर्फिन वापरतात, ते मॉर्फिन आपल्या देशात मिळवणं अवघड करून ठेवलं होतं. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत. पण 1985 च्या अमली पदार्थ कायद्याने परवान्यांचं असं जंजाळ तयार झालं की रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. 2014 साली दुरुस्ती होऊन नियम सोपे झाले. तरी लहान गावांतल्या रुग्णापर्यंत ते पोचणं अजून नशिबावर आहे. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, तपासणीची कार्डं वाटली जातात, हायड्रॉक्सियुरियासारखं कळा कमी करणारं औषध आहे. हे चांगलंच आहे. पण कार्डावर वेदनेचा रकाना नसतो. आणि वेदना घेऊन आलेल्या माणसाला आपण काय देतो, तर बाहेरचं मॉर्फिन नाही, आणि वर 'आतलं वाढवा' असा मेसेज.

म्हणून हा मजकूर मला निरुपद्रवी वाटत नाही. तो जुन्या मराठी सवयीला विज्ञानाचा कोट घालतो. आपल्याला सोशिक माणसं आवडतात, विशेषतः बाया. आईवरच्या लेखांत, श्रद्धांजल्यांत, सत्काराच्या भाषणांत 'तिने किती सोसलं' हे गुणवर्णन असतं, तक्रार नसते. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण आम्हाला शाळेच्या भिंतीवर लिहिलेली होती. पण दगडाला हायपोथॅलॅमस नसतो. दगडाची पाळी थांबत नाही, वाढ खुंटत नाही. माणूस सोसतो तेव्हा त्याचा हिशेब शरीरात कुठेतरी लिहिला जातो: आज भूल घे, त्या बदल्यात उद्याचं काहीतरी पुढे ढकल. ही तडजोड लाखो वर्षांची आहे आणि संकटात ती जीव वाचवते. संकट चार दिवसांचं असतं तेव्हा. संकटालाच संसार म्हणायचं ठरवलं, की बिल थांबत नाही.

दुरुस्ती

कोडमध्ये नुसती चूक दाखवून चालत नाही, दुरुस्तीही पाठवावी लागते. मी ग्रुपवर हे पाठवलं:

एंडॉर्फिन आणि त्याची भावंडं म्हणजे शरीराचा ब्रेक. दुखणं, ताण, पाळी, दूध, प्रसूती, सगळीकडे त्यांचा हात असतो. ते असणं म्हणजे आनंद, नसणं म्हणजे दुःख, असं नाही. कष्ट खूप आणि खाणं कमी असताना पाळी थांबली तर तपासून घ्या. दुखणं महिनाभर राहिलं तर सोसू नका, सांगा. कोणी दुखतंय म्हणालं तर त्याला हसायला सांगू नका, आधी ऐका.

सूर्योदयाचं चित्र मी जोडलं नव्हतं. त्यामुळे असेल, पण तो कोणी पुढे पाठवला नाही. फक्त मामीचा मेसेज आला. तिच्या सुनेला पुढच्या आठवड्यात नंदुरबारला दाखवायला नेणार आहेत, दोन महिने झाले पाळी नाही, आणि दिवसही गेलेले नाहीत, तपासलंय. तिने विचारलं, डॉक्टरला काय काय सांगायचं ते लिहून पाठवशील का.

मी लिहायला घेतलं. सुरुवात केली: ती काय खाते, किती तास काम करते, आणि कुठे दुखतं.